बिल्डरसमोर बसण्याआधी: पुनर्विकासाच्या वाटाघाटीत संगणकाला कोणतं काम द्यावं

पुनर्विकासाला निघालेल्या सोसायटीची कमिटी बिल्डरसमोर बसते तेव्हा दोन्ही बाजूंची तयारी सारखी नसते. बिल्डरकडे आर्किटेक्ट असतो, वकील असतो, पैशाचं गणित मांडणारी माणसं असतात आणि आधीच्या प्रकल्पांचा अनुभव असतो. कमिटीत असतात एक निवृत्त बँक कर्मचारी, एक शाळेतल्या बाई, तळमजल्याचे दुकानदार आणि रात्री आठला ऑफिसातून घरी पोचणारे सेक्रेटरी. राहतं घर रिकामं करून देण्याचा हा व्यवहार बहुतेकांच्या आयुष्यात एकदाच येतो. इथे मिळालेला अनुभव पुन्हा वापरायची संधी सहसा मिळत नाही.

हे अंतर थोडं कमी करायला आज घरातला लॅपटॉप पुरतो. गूगल शीट किंवा एक्सेल फुकटात किंवा जवळपास फुकटात मिळतं आणि चॅटजीपीटी, जेमिनीसारखे एआय सहायक मराठीत बोलतात. हा लेख अशा कमिटीसाठी आहे जिने पीएमसी (सोसायटीच्या बाजूने प्रकल्प पाहणारा तांत्रिक सल्लागार) नेमला आहे किंवा नेमणार आहे, जिच्या हातात दोन-तीन ऑफर लेटरं आहेत आणि जिला पुढे काय बोलायचं हे कळत नाही. पीएमसी आणि वकील यांच्याऐवजी संगणक वापरा असं मी सांगत नाही. त्या दोघांना नेमके प्रश्न विचारता यावेत, आणि बिल्डरसमोर कमिटीने स्वतःच्या हिमतीवर बोलावं, एवढ्यासाठी तो वापरायचा.

कामाची वाटणी आधी ठरवून घ्या. आकडेमोड, आठवण ठेवणं आणि आपल्याच म्हणण्याची उलटतपासणी संगणकाकडे. आपल्याला काय हवंय, समोरच्यावर किती भरवसा टाकायचा आणि कुठे उठून यायचं, हे माणसांकडे. वाटाघाटी फसतात त्या बऱ्याचदा ही वाटणी उलटी झाल्यामुळे. माणसं तोंडी आकडेमोड करत बसतात आणि निर्णय कुणीतरी पाठवलेल्या तक्त्यावर सोडून देतात.

यंत्रामुळे दोन्ही बाजू हलल्या तेव्हा

याचं जुनं आणि फार बोलकं उदाहरण समुद्रतळाचं आहे. १९७० च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा परिषदेत खोल समुद्रातून खनिजं काढणाऱ्या कंपन्यांनी किती पैसे भरावेत यावर वाद अडला होता. विकसनशील देशांच्या बाजूने भारताने मागणी मांडली की प्रत्येक खाणक्षेत्रासाठी कंपनीने सुरुवातीलाच ६ कोटी डॉलर भरावेत. अमेरिकेचं म्हणणं होतं, सुरुवातीला काहीच नको. दोघेही अडून बसले. अशा वेळी अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात तयार झालेलं समुद्रतळ-खाणीचं आर्थिक गणित परिषदेसमोर आलं. ते चालवून पाहिल्यावर भारतीय प्रतिनिधींना दिसलं की उत्पन्न सुरू होण्याच्या पाच वर्षं आधी एवढी रक्कम भरायला लावली तर कोणतीही कंपनी खाणीत उतरूच शकणार नाही. अमेरिकेलाही दिसलं की थोडी सुरुवातीची रक्कम परवडण्यासारखी आहे. दोघांनी आपापली भूमिका पुन्हा तपासली.

त्या गणिताने कुणालाही हुकूम दिला नाही. 'असं केलं तर काय होईल' एवढंच ते सांगत होतं, आणि ते कोणत्याही एका बाजूच्या घरचं नव्हतं. म्हणून मान खाली न घालता भूमिका बदलणं दोघांनाही जमलं. कॉर्पस, म्हणजे बिल्डर प्रत्येक घराला देतो ती एकरकमी रक्कम, कधी द्यायचा यावरून सोसायटी आणि बिल्डर यांच्यात होणारा वाद याच जातीचा आहे. रक्कम आणि वेळ एकत्र मोजल्याशिवाय कोण किती सोडतंय हे कळतच नाही.

पहिली पायरी: आपल्याला काय हवंय ते आपसात ठरवणं

बिल्डरशी बोलण्याआधीची वाटाघाट सभासदांमध्येच असते, आणि खरं सांगायचं तर तीच जास्त अवघड. सर्वसाधारण सभेत ज्याचा आवाज मोठा त्याची मागणी सोसायटीची मागणी होऊन जाते. तिसऱ्या मजल्यावरच्या एकट्या राहणाऱ्या आजी सभेत बोलत नाहीत, पण भाड्याच्या घरात किती वर्षं काढावी लागतील ही त्यांची काळजी सगळ्यात खरी असते.

गूगल फॉर्म बनवा. त्यात वाटाघाटीचे मुद्दे लिहा: वाढीव कार्पेट एरिया (घरातलं वापरता येणारं क्षेत्रफळ), कॉर्पस, बांधकामाच्या काळात बिल्डरने द्यायचं दरमहा भाडं, काम पूर्ण होण्याची मुदत, बँक गॅरंटी (बिल्डरने शब्द पाळला नाही तर पैसे देण्याची बँकेची हमी), पार्किंग, बांधकामाचा दर्जा. प्रत्येक घराला १०० गुण द्या आणि ते या मुद्द्यांमध्ये वाटायला सांगा. 'सगळंच महत्त्वाचं' हे उत्तर इथे चालत नाही. एका मुद्द्याला गुण वाढवायचे तर दुसऱ्याचे कमी करावे लागतात. ज्यांना फोनवर जमत नाही त्यांच्या घरी कुणीतरी छापील कागद घेऊन जावं आणि शांतपणे भरून घ्यावा. या कामाला दुसऱ्या मजल्यावरचा कॉलेजात जाणारा मुलगा सगळ्यात चांगला, त्याच्याशी आजी मोकळेपणाने बोलतात.

गुण आले की नुसती सरासरी काढून थांबू नका. प्रत्येक मुद्द्याचे गुण उतरत्या क्रमाने लावा आणि पाहा. 'मुदत' या मुद्द्याला सरासरी १५ गुण मिळाले असतील, पण त्यात पंचवीस घरांनी ५-५ आणि सात घरांनी ५०-५० दिलेले असू शकतात. ही सात घरं बहुधा ज्येष्ठांची असतात. सरासरीत ती हरवून जातात आणि पुढे तीच संमती द्यायला तयार होत नाहीत. दुबईत किंवा पुण्यात राहणारा, घर भाड्याने दिलेला सभासद क्षेत्रफळाला झुकतं माप देईल आणि मुदतीची फारशी फिकीर करणार नाही. ही तफावत अडचणीची वाटते, पण वाटाघाटीत तीच भांडवल ठरते. कुणाला काय सोडणं सोपं जातं हे कळलं, तरच देवाणघेवाण करता येते.

गुण निनावी ठेवा. फक्त मजला आणि घराचा आकार विचारा, आणि मजल्यावरून घर ओळखू येत असेल तर तेही नको.

दुसरी पायरी: उठून यायची रेघ

'यापेक्षा कमी मिळालं तर आम्ही करार करणार नाही' ही रेघ कागदावर लिहून ठेवा. ती कुठे ओढायची ते दुसऱ्या पर्यायावरून ठरतं. दुसरा बिल्डर तयार आहे का? मोठी दुरुस्ती करून इमारत आणखी दहा वर्षं टिकेल का? स्वयंपुनर्विकास, म्हणजे बिल्डरशिवाय सोसायटीनेच इमारत बांधून घेणं, जमेल का? मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक त्यासाठी कर्ज देत आली आहे, त्यामुळे हा पर्याय नुसता बोलण्यापुरता राहिलेला नाही. मात्र सोसायटीत त्याची जबाबदारी पेलणारी माणसं आहेत का, हे कोणताही तक्ता सांगणार नाही. ते तुम्हीच एकमेकांच्या डोळ्यात बघून ठरवायचं.

ही रेघ कमिटीतल्या दोन-तीन जणांपुरती राहू द्या. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेला आकडा संध्याकाळपर्यंत बिल्डरच्या ऑफिसात पोचतो. तोच नियम एआय सहायकालाही लावा. सर्वांसाठी खुल्या असलेल्या चॅटबॉटमध्ये सभासदांची नावं, पॅन, बँक खाती, बिल्डरचं नाव आणि तुमची शेवटची रेघ टाकू नका. 'बिल्डर क', 'घर क्रमांक ७' असं लिहून काम भागतं. सेटिंगमध्ये तुमचं संभाषण प्रशिक्षणासाठी न वापरण्याची सोय असेल तर ती आधी चालू करा.

तिसरी पायरी: ऑफर आजच्या पैशात आणणं

इथे मी जास्त वेळ थांबणार आहे, कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते आणि संगणकाची सगळ्यात जास्त मदतही इथेच होते.

समजा, ३२ घरांची सोसायटी आहे आणि प्रत्येक घर ५०० चौरस फूट कार्पेट. परिसरातला नव्या घराचा दर चौरस फुटाला २०,००० रुपये धरू.

बिल्डर क म्हणतो: ४० टक्के वाढीव क्षेत्र, ५ लाख कॉर्पस (निम्मा घर रिकामं करताना, निम्मा ताबा देताना), भाडं दरमहा ३५,००० आणि ते वाढणार नाही, मुदत ३६ महिने.

बिल्डर ख म्हणतो: ३४ टक्के वाढीव क्षेत्र, ८ लाख कॉर्पस, सगळा घर रिकामं करतानाच. भाडं ३८,००० आणि दरवर्षी १० टक्के वाढ, मुदत ३० महिने.

सभेत हे वाचलं की हात 'क' साठी वर जातात. ४० टक्के म्हणजे २०० चौरस फूट, ४० लाखांचे. त्यात कॉर्पस मिळवला की ४५ लाख. 'ख' चे १७० चौरस फूट ३४ लाखांचे, कॉर्पस धरून ४२ लाख. तीन लाखांचा सरळ फरक.

आता वेळ मोजा. उद्या मिळणारा रुपया आजच्या रुपयाएवढा नसतो. वर्षाला ९ टक्के दर धरला, तर तीन वर्षांनी मिळणारी रक्कम १.०९ ने तीनदा भागायची, अडीच वर्षांनी मिळणारी १.०९ च्या अडीचाव्या घाताने. शीटमध्ये हे एका ओळीचं सूत्र आहे. 'क' चे ४० लाख आज ३०.९ लाख होतात आणि कॉर्पस ४.४ लाख, एकूण ३५.३ लाख. 'ख' चे ३४ लाख आज २७.४ लाख होतात, कॉर्पस तसाच ८ लाख, एकूण ३५.४ लाख. तीन लाखांचा फरक नाहीसा झाला.

भाडं अजून मोजलेलंच नाही. परिसरात तशा घराचं खरं भाडं ३८,००० असेल आणि ते वर्षाला १० टक्क्यांनी वाढत असेल, तर 'ख' च्या पैशात सभासद राहू शकतो. 'क' च्या पैशात तीन वर्षांत जवळपास अडीच लाख रुपये खिशातून घालावे लागतील. आणि दोन्ही प्रकल्प दीड वर्ष रखडले, तर भाडं बाजूला ठेवूनही 'क' ३१.३ लाखांवर येतो, 'ख' ३२.१ लाखांवर. ज्याने पैसे आधी दिलेत त्याचा उशीर कमी दुखतो.

पण थांबा, लगेच 'ख' ला हार घालू नका. आपण घरांचे दर तीन वर्षं तसेच राहतील असं धरलंय. ते दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढतील असं धरलं, तर भाडं वगळता 'क' साधारण सव्वा लाखाने पुढे जातो, कारण त्याच्याकडून क्षेत्रफळ जास्त मिळतंय. भाड्याचा तोटा वजा केल्यावर तो पुन्हा मागे पडतो. म्हणजे उत्तर तुमच्या गृहीतकांवर उभं आहे. शीटमध्ये चार गृहीतकं वर वेगळ्या, रंगवलेल्या चौकटीत ठेवा: सूट दर (वर धरलेले ९ टक्के), घरांच्या दरातली वाढ, परिसरातलं खरं भाडं आणि उशीर किती महिन्यांचा. खालचं सगळं सूत्रांनी चालू द्या. मग पाचव्या मजल्यावरच्या काकांनी 'दर तर वाढणारच' असं म्हटलं की आकडा बदलून त्यांच्यासमोर दाखवा. गृहीतक कोणतं धरायचं यावर माणसांनी भांडावं. बेरजेवर भांडून उपयोग नाही.

क्षेत्रफळ मोजताना एक गोष्ट पक्की करा: 'कार्पेट' म्हणजे कोणतं? रेरा या स्थावर मालमत्तेच्या कायद्यातल्या कार्पेटमध्ये घरातल्या आतल्या भिंती धरल्या जातात. तुमचं जुनं क्षेत्र भिंती सोडून मोजलेलं असेल आणि नवं रेरा पद्धतीने, तर वाढीचा टक्का फुगलेला दिसेल. दोन्ही आकडे एकाच पद्धतीने मोजून मगच शीटमध्ये घाला. हे काम पीएमसीचं आहे, पण प्रश्न तुम्ही विचारायचा.

चौथी पायरी: एआय सहायकाकडून वाचन आणि तालीम

डेव्हलपमेंट अॅग्रीमेंटचा, म्हणजे बिल्डरबरोबरच्या मुख्य कराराचा, मसुदा जाडजूड असतो. एआय सहायकाला त्यातली नावं काढून मजकूर द्या आणि मागा: 'यातल्या सगळ्या रकमा, तारखा आणि अटी तक्त्यात मांड, प्रत्येकीपुढे कलम क्रमांक आणि पान लिही.' पान लिहायला सांगणं आवश्यक आहे, कारण त्याशिवाय पडताळता येत नाही. मग प्रत्येक ओळ मूळ कागदावर बोट ठेवून तपासा. दोघांनी अर्धं-अर्धं वाटून घेतलं तर एका रविवारी होतं.

सुधारित मसुदा आला की 'काय बदललं' हे चॅटबॉटला विचारू नका. वर्डमध्ये दोन मसुद्यांची तुलना करण्याची सोय आहे, ती एकेक अक्षर दाखवते आणि काही गाळत नाही. चॅटबॉट सारांश करताना 'किंवा' चा 'आणि' झालेला सहज सोडून देऊ शकतो, आणि करारात त्या एका शब्दाला लाखांची किंमत असते.

कायद्याबाबत तर त्याच्या शब्दावर कधीच विसंबू नका. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या दोन वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे न्यायालयात सादर केले आणि त्यांना ५,००० डॉलरचा दंड झाला. आपल्याकडे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९-अ खाली ४ जुलै २०१९ चे मार्गदर्शक निर्देश आहेत. विशेष सर्वसाधारण सभेला दोन तृतीयांश गणपूर्ती (कोरम), किमान ५१ टक्के सभासदांची संमती, सभेचं व्हिडिओ चित्रीकरण, प्रकल्प खर्चाच्या २० टक्क्यांची बँक गॅरंटी, हे त्यात आहे. मूळ शासन निर्णय मराठीत आहे. तो वकिलांकडून घ्या आणि स्वतः वाचा. न कळलेल्या परिच्छेदाचा अर्थ सोप्या शब्दांत सांगायला एआयला लावा आणि तो अर्थ वकिलांकडून पक्का करून घ्या.

तालमीसाठी मात्र हे साधन फार गुणाचं आहे. त्याला सांगा: 'तू मुंबई उपनगरातला अनुभवी बिल्डर आहेस. तुझा बँकेचा व्याजदर जास्त आहे, तुला पहिल्या वर्षी कमीत कमी रोख बाहेर जायला हवी आहे. मी सोसायटीचा सेक्रेटरी. माझ्या मागण्यांना विरोध कर, घाई कर, दबाव आण.' 'ही ऑफर शुक्रवारपर्यंतच आहे', 'शेजारची सोसायटी सही करून बसली', 'तुमचे निम्मे सभासद माझ्याशी बोललेत' ही वाक्यं आधी पडद्यावर झेललेली असली की प्रत्यक्षात छातीत धडधड कमी होते. जे कमिटी सदस्य सभेत कधी बोलत नाहीत त्यांना आवर्जून या तालमीला बसवा. घरी, कुणी हसणारं नसताना, माणूस लवकर शिकतो.

हे सहायक तुमच्या हो ला हो करतात, हे ध्यानात ठेवा. 'आमची मागणी रास्त आहे ना?' असं विचारलं तर बहुधा 'हो' असंच उत्तर येईल. त्याऐवजी विचारा: 'बिल्डरच्या वकिलाच्या नजरेतून या मागणीतल्या तीन कमकुवत जागा दाखव.'

आणि प्रत्यक्ष बोलणी त्याच्या हाती देऊ नका. मोठ्या कंपन्या लहान पुरवठादारांशी अटी ठरवायला चॅटबॉट वापरू लागल्या आहेत. वॉलमार्टने तसं केलं आहे. पण तिथे मुद्दे ठरलेले असतात आणि करार बिनसला तरी कुणाचं घर जात नाही. फेसबुकच्या संशोधकांनी २०१७ मध्ये वाटाघाट करणारे बॉट शिकवले, तेव्हा ते एका गोष्टीत स्वतःहून पटाईत झाले: नको असलेल्या वस्तूची खोटी ओढ दाखवायची आणि नंतर ती 'सोडून' बदल्यात काही मिळवायचं. ज्या माणसाबरोबर पुढची तीन-चार वर्षं काढायची आहेत त्याच्याशी आपल्या नावाने असं वागलेलं आपल्याला चालणार आहे का?

पाचवी पायरी: सारख्या किमतीच्या तीन मागण्या

ही युक्ती मला सगळ्यात आवडते, आणि शीट नसेल तर ती जवळपास अशक्य आहे. एकच मागणी घेऊन जाऊ नका. आपल्या दृष्टीने सारख्याच किमतीच्या तीन मागण्या घेऊन जा.

वरचा 'ख' चा हिशेब घ्या. ३० महिन्यांनी मिळणारे १० चौरस फूट आजचे साधारण १ लाख ६० हजार. ८ लाख कॉर्पस आज, किंवा १० लाख ताबा देताना, हे आपल्याला जवळपास सारखंच आहे, कारण अडीच वर्षांनंतरचे १० लाख आजचे ८ लाख ६ हजार होतात. म्हणून:

पहिली मागणी, ३४ टक्के क्षेत्र आणि ८ लाख कॉर्पस घर रिकामं करताना. दुसरी, ३६ टक्के क्षेत्र आणि ६ लाख ४० हजार कॉर्पस घर रिकामं करताना. तिसरी, ३४ टक्के क्षेत्र आणि १० लाख कॉर्पस ताबा देताना, पण त्या १० लाखांची वेगळी बँक गॅरंटी.

तिन्ही टेबलावर ठेवा आणि विचारा, 'यातलं तुम्हाला कोणतं जास्त परवडेल?' बिल्डरचं उत्तर तुम्हाला त्याच्या खिशाची माहिती देतं, आणि ती सरळ विचारली असती तर त्याने दिली नसती. समजा त्याने तिसरी निवडली. बांधकामाच्या पैशाला तो १५ टक्के मोजत असेल, तर अडीच वर्षांनी द्यायचे १० लाख त्याला आज फक्त ७ लाख ५ हजारांना पडतात. प्रत्येक घरामागे त्याचे ९५ हजार वाचले, ३२ घरांचे मिळून ३० लाखांवर. आपलं काही गेलं नाही. हे ३० लाख आता टेबलावर आहेत. गॅरंटीचा खर्च त्यातून जाईल, पण उरलेल्यातून लिफ्ट चांगल्या कंपनीची मागता येईल, भाड्याची वार्षिक वाढ मागता येईल, आजींसाठी सामान हलवायची जास्तीची रक्कम मागता येईल. दोन्ही बाजूंना पैशाची वेळ वेगवेगळी दुखते, तेवढ्यातूनच ही वाढ निघाली.

गॅरंटीची अट विसरलात तर मात्र तिसरी मागणी इतर दोघींच्या तोडीची राहत नाही. प्रकल्प अडकला तर ते १० लाख कागदावरच राहतील. शीट ही जोखीम आपणहून मोजत नाही. ती तुम्ही मोजायची.

टेबलावर बसल्यावर

तिघे जा. एक बोलेल, एक लॅपटॉप सांभाळेल, एक फक्त ऐकेल आणि लिहील. तिसऱ्याचं काम कमी लेखू नका. बिल्डर कोणत्या मुद्द्यावर चटकन हो म्हणाला, कोणत्या मुद्द्यावर भागीदाराकडे पाहिलं, हे लॅपटॉपमध्ये मान घातलेल्याला दिसत नाही.

लॅपटॉपचा पडदा आपल्याकडे ठेवा. नवा आकडा आला की जागच्या जागी होकार नको. 'आम्ही पाच मिनिटं बाहेर बोलून येतो' म्हणा, व्हरांड्यात शीटमध्ये आकडा टाका, आपल्या रेघेशी आणि गुणांशी ताडून पाहा. चांगली ऑफर पाच मिनिटांनीही चांगलीच राहते.

घरांचा दर किंवा परिसरातलं भाडं अशा वस्तुस्थितीवरच वाद अडला, तर दोघांनी मिळून एक साधी शीट बनवा, फक्त त्या मुद्द्यापुरती. दर कुठून घ्यायचा ते आधी ठरवा. उदाहरणार्थ, आसपासच्या नोंदणी झालेल्या व्यवहारांवरून. तुमची गुणांची आणि रेघेची शीट मात्र वेगळ्या फाइलमध्ये, वेगळ्या खात्यात. एकाच फाइलच्या दुसऱ्या पानावर लपवलेली नको.

बैठक संपली की त्याच रात्री टिपणाचं इतिवृत्त करा. विस्कळित टिपणं एआयला देऊन स्वच्छ मराठीत मांडून घेता येतात. नंतर तिघांनी वाचून दुरुस्त करावीत आणि बिल्डरला ईमेल करावीत: 'आज पुढील मुद्द्यांवर चर्चा झाली, काही चुकलं असल्यास कळवा.' तोंडी दिलेली आश्वासनं करारात उतरवायला अशी ईमेलच उपयोगी पडते.

सभेत नेताना आणि सहीनंतर

विशेष सर्वसाधारण सभेत सगळी शीट दाखवू नका, लोक गांगरतात. प्रत्येक सभासदाला त्याच्या घरापुरता एक कागद द्या: आजचं क्षेत्र, नवं क्षेत्र, कॉर्पस किती आणि कधी, भाडं किती, वेळेवर झालं तर आजच्या किमतीत काय, दीड वर्ष उशीर झाला तर काय. शीटमधून ३२ कागद आपोआप छापता येतात. सोबत प्रोजेक्टरवर गृहीतकांची चौकट उघडी ठेवा आणि कुणीही उठून 'भाडं पंचेचाळीस हजार धरा' म्हटलं तर धरून दाखवा. विरोध करणाऱ्या सभासदाला त्याच्याच आकड्यांनी उत्तर मिळालं की तो निदान ऐकायला बसतो. आणि कधीकधी त्याचाच आकडा बरोबर निघतो, तेव्हा कमिटीने परत टेबलावर जायला लाजू नये.

सही झाली की शीट बंद करू नका. तिच्यातल्या तारखा गूगल कॅलेंडरमध्ये टाका: भाड्याचे पुढच्या तारखांचे धनादेश कधी संपतात, बँक गॅरंटीची मुदत कधी संपते, दरवर्षीची भाडेवाढ कोणत्या महिन्यापासून, ताब्याची तारीख कोणती, आणि त्यानंतर दंड कोणत्या दिवसापासून सुरू. गॅरंटीची आठवण मुदत संपण्याच्या तीन महिने आधीची लावा, म्हणजे नूतनीकरण मागायला वेळ राहतो. या आठवणी एकट्या सेक्रेटरींच्या फोनवर ठेवू नका, सोसायटीच्या खात्यावर ठेवा आणि किमान तिघांना द्या. बांधकाम चालू असताना सभासद चार गावांत विखुरलेले असतात आणि कमिटीही बदलू शकते. नव्या कमिटीला पहिल्याच दिवशी मूळ करार, इतिवृत्तांच्या ईमेल आणि ही शीट, तिन्ही एकत्र मिळायला हवीत.